खाच लागत नाही

४ मार्च. सकाळ.

वही नवी. रोज लिहायचं. थोडक्यात. पाल्हाळ नाही.

लिफ्टवाल्या साहेबांचा फोन. गॅरेजमध्ये गाड्या वर उचलायच्या लिफ्ट असतात ना, त्या हे साहेब बनवतात. त्यांच्या लिफ्टला तेलाचा पंप आमचा. म्हणाले, तुमचा नवा पंप ओरडतो. म्हटलं, नवं मूलही रडतंच. ते हसले नाहीत. एक पंप परत पाठवलाय. महिनाअखेरीला मोठा लॉट जायचाय, तो न ओरडणारा द्या म्हणाले.

छोटीच्या हाती आयतं कोलीत. छोटी म्हणजे आमची मुलगी. तिशी ओलांडली, इंजिनिअर झाली, माझ्याच कारखान्यात बसते, तरी छोटीच. म्हणाली, बाबा, तुम्ही खाच बंद केलीत म्हणून ओरडतो.

खाचेचं इथे लिहून ठेवतो, पुढे कोणी शब्द फिरवायला नको. पंपात दोन गिअर एकमेकांत फिरतात. त्यांच्या दोन्ही अंगांना प्लेट. त्या प्लेटमध्ये नखाएवढी खाच पाडायची जुनी पद्धत. छोटीचं म्हणणं, दाते एकमेकांत शिरताना थोडं तेल मध्ये कोंडतं, ते खाचेतून पळून जातं. खाच नसली की चेपतं आणि शाफ्टला लाथा घालतं. मी म्हणतो, चिमूटभर तेल, ते काय लाथा घालणार? खाच पाडायची म्हणजे एकेक प्लेट पुन्हा मशीनवर चढवा, नेम धरा, कडा घासा. नसते लाड. यंदापासून बंद केली.

आता मुद्दा. छोटीला बाहेरगावच्या कंपनीतून बोलावणं आलंय. ती कंपनी बनवते काय? काही नाही. लोकांचे पंप कंप्युटरवर फिरवून दाखवते. सिम्युलेशन म्हणतात. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही कळवायचंय. छोटी म्हणाली, बाबा, मी इथेच राहते. अट एकच. माझ्या कंप्युटरवर तुम्ही स्वतः पंप फिरवून बघा. एकदा खाच असलेला, एकदा नसलेला. मी हात लावणार नाही. जे येईल ते मान्य करायचं. खाच लागत नाही असं आलं, तरी मी राहीन. पण जे येईल ते.

म्हटलं, कबूल. दोन दिवसांचं काम.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, कुठल्या महिन्यातले दोन दिवस?

लक्ष दिलं नाही.

५ मार्च. दुपार.

ऑफिसात छोटीच्या खुर्चीत बसलो. खुर्ची फिरते. कामाच्या माणसाला फिरती खुर्ची कशाला?

दोन्ही गिअर कंप्युटरवर काढले. दाता न् दाता बरोबर. केसिंग काढलं. शाफ्ट काढले. बोल्टसुद्धा काढले, वॉशरसकट. जेवायच्या आत तयार. इतकं सुंदर झालं की फिटरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मालक, एकदम खऱ्यासारखं. म्हटलं, खरंच आहे ते.

छोटी आली. बघितलं. म्हणाली, छान आहे बाबा. पण तेल कुठंय?

म्हटलं, तेल नंतर ओतू.

म्हणाली, ओतायचं नसतं. कंप्युटरला लोखंड नकोच. लोखंडाच्या आत जी रिकामी जागा उरते, जिथून तेल जातं, तेवढीच द्यायची. बाकी सगळं पुसा.

म्हणजे मी काढलं ते सोडून उरेल ते काम. जन्मभर लोखंडावर पोट भरलं, आता भोक काढून द्या म्हणे.

पुसलं. बोल्ट पुसताना जीवावर आलं.

८ मार्च.

रिकामी जागा काढून झाली. कुत्र्याने चघळलेल्या चपलेसारखी दिसते. असो.

आता तिच्यावर जाळी टाकायची. म्हणजे त्या जागेचे बारीक बारीक तुकडे करायचे, मग कंप्युटर एकेका तुकड्यात तेलाचं काय होतं ते मोजतो. जाळी पडेना. सकाळभर लाल अक्षरं.

छोटीला विचारलं नाही. फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणालो, हे डबडं बिघडलंय. ती आपल्या फायलीतून मान वर न करता म्हणाली, दात्याला दाता चिकटवला असेल कोणीतरी. जिथे चिकटतो तिथे तेलाला जागाच उरत नाही. केसाएवढी फट ठेवावी लागते.

फट! माझ्या पंपात! दात्याला दाता घासून चालतो ही माझी ख्याती. लोक नाव काढतात. मी फट ठेवणार नाही.

संध्याकाळी ठेवली. तात्पुरती.

११ मार्च.

आज पंप फिरला.

फिरला म्हणजे फिरायला लागला. दोन्ही गिअर मी एकाच दिशेने सोडले होते. समोरासमोरचे दाते एकमेकांच्या अंगातून आरपार गेले आणि पडद्यावर आलं की तेलाच्या जागेचं माप, व्हॉल्यूम म्हणतात, निगेटिव्ह आहे. वजा. माझ्या कारखान्यात आजवर वजा मापाची वस्तू झालेली नाही. तसं मी कंप्युटरला स्पष्ट सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. बाहेर मशीनं बंद करून सगळे ऐकत उभे.

संकल्प: कंप्युटरवर ओरडायचं नाही. तो बहिरा आहे.

एका गिअरची दिशा उलटी केली. आता उद्या निकाल. छोटीच्या कंपनीला नकार कळवायचं पत्र कसं लिहावं याचा मसुदा मनात तयार आहे.

१२ मार्च.

निकाल लागला. प्रेशर जवळजवळ शून्य. आवाज नाही, लाथा नाहीत, काही नाही. सगळं निळं, शांत. बघ म्हटलं छोटीला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिने एक खिडकी उघडून दाखवली. त्यात तेलाच्या जागी हवा लिहिलेलं. कंप्युटर आपण होऊन हवाच धरतो, तेल आपण सांगायचं असतं. म्हणजे चोवीस तास मी पंखा चालवत होतो.

हे घरी सांगायची काही गरज नव्हती. छोटीने सांगितलं. ही इतकी हसली की पदर तोंडाला लावला. म्हणाली, उन्हाळा येतोय, घ्या करून एक.

१३ मार्च.

परत आलेला पंप उघडला. एकट्याने. फिटरला चहाला पाठवलं.

शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो तो बुश एका बाजूने खाल्लाय. एकाच बाजूने. बोट फिरवलं तर धार लागते.

तेल घाण असणार. लोक तेल गाळत नाहीत.

बुश माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. खालच्या.

जेवताना ही म्हणाली, ती गाडी वर चढली की खाली कोणीतरी उभं असतं ना हो? म्हटलं, लिफ्टला लॉक असतो. पंप गेला तरी गाडी खाली येत नाही. म्हणाली, मग लॉकच विका, पंप कशाला विकता?

ह्या बाईला कारखान्यातलं काही कळत नाही. भात न घेता उठलो. भूक नव्हतीच.

१६ मार्च.

आता तेल. आता दिशा बरोबर. आता फट केसाएवढी. बिनखाचेचा पंप चालू केला. फार सावकाश. एक दाता पुढे सरकायला सकाळची दुपार होते. गोगलगाय बरी. पण चालू आहे.

कंप्युटरवर पाटी लावली: हात लावू नये. त्याखाली: बघूही नये.

दुपारी फिटरने मोठा ग्राइंडर लावला आणि सगळ्या कारखान्याची वीज गेली. कंप्युटर काळा. फिटरला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, मालक, ग्राइंडर आणि ती विजेची भट्टी एकदम लावायची नाही हे तुम्हीच सांगितलेलं. भट्टी कोणी लावली होती?

भट्टी मी लावली होती. पण तो मुद्दा नाही.

छोटीने विचारलं, मध्ये मध्ये सेव्ह केलं होतंत ना? म्हटलं, एवढं हुशार यंत्र, त्याला स्वतःचं स्वतः कळू नये?

पहिल्यापासून.

संकल्प: सेव्ह करायचं. भट्टी लावायची नाही. ग्राइंडर लावायचा नाही. जमल्यास कोणीच काही लावायचं नाही.

साहेबांचा फोन. लॉट कुठवर आला? म्हटलं, वेगात आहे.

२० मार्च. सकाळी लवकर.

झालं. बिनखाचेचा पूर्ण झाला.

एक गोष्ट दिसली, ती लिहून ठेवतो. दाते एकमेकांत शिरतात त्या जागी एक ठिपका. लाल. येतो, जातो. पुढचा दाता आला की पुन्हा येतो. नाडी लागावी तसा.

पडदा पुसला. ठिपका काचेवरचा नव्हता, आतला होता.

कंप्युटर बंद करून बाहेर आलो. लेथजवळ उभा राहिलो. फिटर म्हणाला, मालक, बरं वाटत नाही का? म्हटलं, उत्तम. मग त्याने बसायला स्टूल दिलं. बसलो नाही.

थोडा वेळ बसलो.

२१ मार्च.

ठरल्याप्रमाणे काल दुपारपासून खाचेचा पंपही चालवला. आता एकेका दात्यापुरतंच चालवतो, लवकर होतं. फक्त तुलनेसाठी.

ठिपका नाही.

हा योगायोग असू शकतो. बिनखाचेचा पुन्हा लावला. तेल जरा पातळ करून. ठिपका. वेग कमी करून. ठिपका, सावकाश. कंप्युटरचाच कल खाचेकडे आहे. छोटीचा कंप्युटर, छोटीचीच बाजू घेणार.

दुपारी छोटी म्हणाली, बाबा, झालं का? म्हटलं, होत आलंय. दार लावून घेतलं. ऑफिसचं दार मी गेल्या कित्येक वर्षांत लावलेलं नाही. बिजागरीला गंज आहे. तेल द्यायला पाहिजे.

२३ मार्च.

चूक सापडली! माझी नव्हे.

चित्राच्या कडेला रंगांची एक पट्टी असते. खाली निळा, वर लाल, शेजारी आकडे. किती प्रेशरला लाल म्हणायचं ते त्या वरच्या आकड्यावर ठरतं. आणि तो आकडा आपल्याला बदलता येतो! नुसता टाइप करायचा. मी दहापट केला.

ठिपका गेला. सगळा पंप निळा. समुद्रासारखा.

यात खोटं काही नाही. पंप तोच, तेल तेच. किती झालं म्हणजे लाल म्हणायचं एवढंच मी ठरवलं. कारखाना माझा आहे.

आनंदाच्या भरात हिला सांगितलं, सोप्या भाषेत. ती भाजी निवडत होती. म्हणाली, म्हणजे पोराला ताप आला की थर्मामीटर झटकायचा.

सगळ्याच गोष्टी बायकांना सांगायच्या नसतात.

२४ मार्च.

छोटीला चित्र दाखवलं. छापून, मोठ्या कागदावर, रंगीत.

ती बराच वेळ बघत राहिली. पंपाकडे कमी, कडेच्या पट्टीकडे जास्त. मग म्हणाली, बाबा, हेच आलं?

म्हटलं, हो.

म्हणाली, असंच?

म्हटलं, मग कसं? तुझाच कंप्युटर आहे.

पुन्हा एकदा म्हणाली, तुम्ही सांगा, मी ऐकते. हेच आलं ना?

टेबल पुसलं, ऑफिसात धूळ फार. म्हटलं, खाच लागत नाही.

ती म्हणाली, ठीक आहे. कागदाची नीट घडी घातली आणि घेऊन गेली. फ्रेम करणार असेल.

जिंकलो. एक प्रत साहेबांनाही पाठवली. चहा प्यायलो. गार झाला होता.

२६ मार्च.

छोटी फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हतो, जिन्यात उभा होतो. म्हणाली, हो, एक तारखेला येते.

म्हणजे एक तारखेपासून कारखान्यात पूर्ण लक्ष घालणार. तसं कोणा मैत्रिणीला सांगत असणार. पोरगी शब्दाची पक्की. माझ्यावर गेली.

सुताराला बोलावून टेबल सांगितलं. माझ्या टेबलासमोर, तेवढंच मोठं. सुतार म्हणाला, कोणासाठी? म्हटलं, मालकीणबाईंसाठी. त्याला वाटलं हिच्यासाठी. म्हणाला, आता ह्या वयात बाईंना कशाला त्रास देता? सुधारत बसलो नाही. ड्रॉवरला कुलूप हवं असं सांगितलं. छोटीला तिच्या वस्तूंना कोणी हात लावलेला चालत नाही.

हिला सांगितलं, टेबल करतोय. ती छोटीच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एवढ्या घड्या एकदम घालायच्या कशाला?

२८ मार्च. सकाळ, कोणी आलं नव्हतं.

लॉट तयार आहे. प्लेटा रांगेत मांडलेल्या. गुळगुळीत. खाच नाही, काही नाही. सुंदर दिसतात.

मिलिंगचं कटर नीट धरतंय का बघायचं होतं. कटर बघायला काहीतरी कापावंच लागतं. एक प्लेट घेतली. समोर होती म्हणून. एक खाच पाडली. नंतर कडा घासली, धारदार कडा मला सहन होत नाही. मग पाडलीच आहे तर म्हणून दुसरी प्लेटही तशीच केली. तो पंप जोडला आणि चाचणीच्या बाकावर चढवला.

चालू केला आणि वाटलं, वीज गेली. हात लावून बघितला. फिरत होता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. हे घड्याळ टिकटिक करतं हे मला माहीत नव्हतं.

फिटर आला. दारातच थांबला. म्हणाला, मालक, पंप बंद का? म्हटलं, बंद नाही. तो जवळ आला, वाकला, कान लावला. मग माझ्याकडे बघितलं. म्हटलं, बघतोस काय? बाकीच्या प्लेटा आण. शोभेसाठी जरा खाच पाडायचीय. साहेबांना डिझाइनमध्ये बदल दिसलेला आवडतो.

शोभेसाठी, असं त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, हो मालक, शोभा वाढतेच.

३१ मार्च. सकाळ.

काल लॉट गेला. साहेबांचा लगेच फोन. एकही ओरडत नाही, काय केलंत? म्हटलं, अनुभव.

आज टेबल आलं. छान झालंय. कारखान्यात उतरवून घेतलं आणि छोटीला बोलवायला घरी गेलो, तर जिन्याखाली दोन बॅगा. मोठ्या. ही दोरी बांधत होती. म्हटलं, कोणाचं लग्न आहे? ही म्हणाली, दोरी धरा जरा.

धरली.

छोटी वरून आली. टॅक्सी दाराशी. म्हटलं, अगं, राहायचं ठरलंय ना आपलं? म्हणाली, ठरलं होतं. म्हटलं, लॉटला सगळ्या खाचा पाडल्यात. सगळ्या. मी स्वतः. म्हणाली, माहीत आहे बाबा, काल कारखान्यात शांतता होती. बरं केलंत.

म्हटलं, मग जातेस कशाला?

म्हणाली, अट खाचेची नव्हती.

पाया पडली. मी सांगायला हवं होतं काहीतरी. टेबलाचं सांगितलं. कुलूप आहे म्हटलं, किल्ली पुढे केली. तिने किल्ली घेतली, हातात धरली, आणि आईजवळ दिली.

टॅक्सी वळेपर्यंत उभा होतो. ऊन फार होतं. ही आत जाताना म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा पीळ जळला हो, सुंभ तेवढा उरलाय.

अर्थ लागला नाही. म्हण उलटी म्हणाली.

२१ एप्रिल.

बरेच दिवस लिहिलं नाही. काम फार.

साहेबांना आता मोठ्या मापाचा पंप हवाय. पण आधी सिम्युलेशनचा रिपोर्ट लागेल म्हणाले, बाहेरच्या कंपनीचा, शिक्क्याचा. म्हटलं, माझं मी करतो, आता येतं मला. म्हणाले, ते तुमचं निळं चित्र मी पाहिलंय. तुम्हीच पाठवलं होतंत, आठवतं? चेष्टेने म्हणाले असतील. कंपनीचं नावही त्यांनीच दिलं. तीच.

ड्रॉइंग पाठवलं. आज मेल आला. सुरुवात: आदरणीय महोदय. दाते किती, फट किती, तेल कोणतं, वेग किती, प्लेटला खाच आहे की नाही, स्पष्ट कळवावे. शेवटी एक ओळ: कृपया रंगीत चित्रे पाठवू नयेत. खाली सही, हुद्दा, शिक्का. सही मी ओळखतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आधी मी करायचो, मग ती माझी सही करायला शिकली. हेडमास्तरांनी बोलावलं होतं.

मेल उभ्यानेच वाचला. मग बसलो. तिच्याच टेबलाशी, कंप्युटर तिथे ठेवलाय. एका बोटाने उत्तर लिहिलं. दाते. फट, केसाएवढी. तेल. वेग. खाच आहे. आपला विश्वासू, असं लिहायचं होतं. बोटाने बाबा लिहिलं आणि पुढचं बटण दाबलं. गेलं.

असं बरं दिसत नाही. कंपनीचा व्यवहार आहे. गेलेला मेल मागे घेता येतो का, कोणतं बटण, म्हणून घाईत हाक मारली, छोटी! पुन्हा मारली.

ही डबा घेऊन आली होती. दारात उभी राहिली. म्हणाली, जरा मोठ्याने मारा. एवढ्याने नाही ऐकू जाणार तिला.